ब्रदर गॅडिसची उजवी टाच

हॅचर्स मिल गावातल्या ज्या पोरांनी शाळेच्या पिवळ्या बसमधून ये-जा केली, ती आता आजी-आजोबा झाली आहेत. त्यांतल्या कुणालाही क्लिओफस गॅडिसबद्दल विचारा, आधी बुटाची गोष्ट निघते. एकाच बुटाची. उजव्या.

क्लिओफसचे बूट दोन रंगांचे असत. पांढरे आणि तपकिरी, नाहीतर काळे आणि मलईच्या रंगाचे. अलाबामाच्या लाल मातीत पांढरे बूट घालून हिंडणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर प्रेमात पडलेला. क्लिओफस दोन्ही होता, आणि दोन्ही त्या बुटांपायीच. बस चालवताना ब्रेक दाबून दाबून उजव्या बुटाच्या चवड्यावर सुरकुती पडते, हे त्याच्या ध्यानात नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आलं. दुसऱ्या आठवड्यापासून तो उजवा बूट काढून शेजारी घडी केलेल्या वर्तमानपत्रावर ठेवू लागला आणि नुसत्या मोज्यानं ब्रेक दाबू लागला. गर्दीच्या दिवशी पोरं एकमेकांच्या मांडीवर बसत, पण बुटाची जागा बुटाचीच. एकदा एका नव्या मुलीनं त्यात पीचची कोय टाकली. क्लिओफसनं बस रस्त्याच्या कडेला घेतली, बूट रुमालानं आतून-बाहेरून पुसला आणि तिच्याकडे वळून इतकंच विचारलं, "बाळ, या बुटानं तुझं काय वाईट केलंय?" ती मुलगी पुढं न्यायाधीश झाली. इतक्या कठीण प्रश्नाला आपण पुन्हा कधी सामोरं गेलो नाही, असं ती अजून सांगते.

बसचं इंजिन क्लिओफसच्या पायाखालीच होतं. उन्हाळ्यात तिथला पत्रा असा तापायचा की त्यावर अंडं तळावं. मोज्यातली टाच दिवसभर त्या पत्र्यावर टेकलेली असायची. त्यामुळे पुढं त्या टाचेवर काळा डाग दिसला, तेव्हा तो कशाचा याची चौकशी करायची त्याला गरजच वाटली नाही. पत्र्याचा डाग. नोकरीनं दिलेली निशाणी. काही लोकांना घड्याळ मिळतं, त्याला डाग मिळाला.

या पायांचा इतिहास बसच्याही आधीचा. तरुणपणी नदीकाठच्या लाकडी नाचघरात शनिवारी संध्याकाळी क्लिओफस आला की लोक भिंतीला टेकून जागा करून देत. इतरांचा नाच चवड्यांवर, याचा टाचांवर. टाचा अशा वाजायच्या की ढोल वाजवणारा आपले हात थांबवून याच्या पायांकडं बघत राहायचा. व्हर्नेल तिथं तळलेले मासे विकायला आईबरोबर यायची. तिनं क्लिओफसचं तोंड नीट पाहिलं ते लग्न ठरल्यावर, असं ती म्हणे. तोवर नजर खालीच होती.

"मी पायांशी लग्न केलं," ती सांगायची. "बाकीचा माणूस सोबत आला, काय करणार!"

व्हर्नेलचं घराणं मात्र जुन्या चालीच्या बॅप्टिस्ट ख्रिश्चनांचं. त्यांच्या चर्चमध्ये पियानोसुद्धा चालत नाही, मग नाच कुठला? एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती लांब ओढत मागून म्हणायची, एवढंच संगीत. लग्नानंतर क्लिओफस त्या चर्चमध्ये आला आणि त्याच्या टाचा निवृत्त झाल्या. तरी गाणं रंगात आलं की बाकाखाली उजवी टाच हळूच हलायची, आणि व्हर्नेल आपल्या टोकदार बुटानं तिला जागच्या जागी बसवायची.

त्या चर्चमध्ये वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी, पाय धुण्याचा विधी असे. अजूनही असतो. एका बाजूला पुरुष, म्हणजे सगळे ब्रदर, दुसऱ्या बाजूला बायका, म्हणजे सगळ्या सिस्टर. कमरेला लांब पांढरा टॉवेल बांधायचा, समोरच्यापुढं गुडघे टेकायचे, इनॅमलच्या तसराळ्यात त्याचे पाय धुवायचे, टॉवेलनं टिपायचे, उठून मिठी मारायची. मग त्यानं तुमचे धुवायचे. नम्रतेचा विधी. पण लोकांना नम्रतेपेक्षा अब्रूची काळजी जास्त. त्यामुळे आदल्या दिवशी, शनिवारी, साऱ्या हॅचर्स मिलमध्ये घरोघरी टब भरले जात. मीठ घातलेलं गरम पाणी, खरखरीत दगड, नखं कापायच्या कात्र्या, वर व्हॅसलिनचा थर. शेजारपाजारी विटकर घासल्यासारखे आवाज यायचे. रविवारी पाय इतके स्वच्छ असत की धुतल्यावर तसराळ्यातलं पाणी पिऊन टाकावं. एल्डर लॉव्हेट, चर्चचे प्रमुख, दरवर्षी म्हणत, "बंधू-भगिनींनो, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते मळलेले होते म्हणून. तुमचे बघून त्यानं तसराळंच परत नेलं असतं."

लोक हसायचे आणि पुढच्या शनिवारी आणखी घासायचे.

आणि एक नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळ्यांना ठाऊक. तसराळ्यात जे दिसलं, ते बाहेर बोलायचं नाही. सिस्टर ओडेसाच्या डाव्या पायाला सहा बोटं होती. चर्चमधल्या प्रत्येक बाईनं ती कधी ना कधी धुतली होती. पण सिस्टर ओडेसा वर्षानुवर्षं समजत होती की हे गुपित तिचं आणि देवाचं.

क्लिओफसचा जोडीदार होता एझेल मोटन. गावातल्या आपल्या काळ्या लोकांचे अंत्यविधी तीन पिढ्यांपासून मोटन मंडळींकडेच. एझेल लांबलचक, हळू बोलणारा, मऊ हातांचा माणूस. पण धंदा असा की कोणी धड शेजारी बसायचं नाही. त्यानं सहज "काय, तब्येत कशी?" विचारलं की समोरचा दचकून "ठणठणीत!" म्हणे आणि दोन उठाबशा काढून दाखवे. आजाऱ्याला भेटायला गेला की आजारी माणूस उठून बसे. गावात काही जण एझेलला पाहूनच बरे झाले होते. हळूहळू त्यानं तब्येतीची चौकशी करणंच सोडून दिलं. हवा, मासे, बेसबॉल, एवढंच बोले.

पहिल्या वर्षी पाय धुवायला एझेलपुढं कोणी बसेना. आणि नाचघरातून आलेल्या क्लिओफसपुढंही कोणी बसेना, त्या पायांचं पाप हाताला लागेल म्हणून. उरलेल्या दोघांची जोडी लागली ती कायमची.

"बघ हं," क्लिओफस तेव्हा पाय पुढं करत म्हणाला होता, "शवपेटीचं माप घेऊ नकोस."

"माप डोक्यापासून घेतात," एझेल म्हणाला. तिथून दोस्ती झाली.

दोस्ती म्हणजे शनिवारी नदीवर गळ टाकून बसायचं आणि एकमेकांच्या खोड्या काढायच्या. एझेल सावकाश बोलायचा, त्यामुळे त्याचा टोमणा पोचेपर्यंत मासा निसटलेला असायचा. क्लिओफस सगळ्या माशांना एझेलच्या नावानं ओरडायचा, "चला रे, तुमचाही विधी करून देईल!" अशी वर्षं गेली. पोरं मोठी झाली, बस बदलली, नवीही जुनी झाली. बूट मात्र चकचकीत राहिले.

डाग आधी मसुराएवढा होता. क्लिओफसनं त्या शनिवारी तो दगडानं घासला. गेला नाही. रविवारी एझेलनं टाच हातात घेतली, अंगठा क्षणभर त्या डागावर थांबला, मग पाणी ओतलं. पुढच्या वर्षी डाग वालाच्या शेंगेतल्या दाण्याएवढा झाला होता, एका कडेला निळसर. एझेलचा अंगठा पुन्हा थांबला, या वेळी जरा जास्तच. क्लिओफसला गुदगुल्या झाल्या, तो हसला. एझेल हसला नाही. पण बोललाही नाही.

मधल्या काळात क्लिओफस डॉक्टरकडं गेला नव्हता असं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "टाचेवर पत्र्याचा डाग पडलाय." डॉक्टर म्हणाले, "जाड मोजे वापरा." पाय त्यांनी पाहिला तो मोज्यावरूनच, कारण मोजा क्लिओफसनं काढलाच नव्हता. डॉक्टरपुढं पाय उघडा करायचा तर आदल्या दिवशी टबात बसावं लागतं, असं त्याचं मत.

तिसऱ्या वर्षीच्या शनिवारी त्यानं घासता घासता डागातून रक्त काढलं आणि त्याला आनंदच झाला. निघतोय वाटतं!

रविवारी गाणं चाललं होतं. एल्डर लॉव्हेट ओळ म्हणत होते, मंडळी ती ओढत होती. एझेलनं गुडघे टेकले, उजवा पाय उचलला आणि टाच खिडकीच्या उजेडाकडं वळवली. डाग आता एका जागी नव्हता. शाई सांडल्यासारखा चारी बाजूंनी पसरला होता, कुठं काळा, कुठं तपकिरी, मधोमध ओली भेग. एझेलनं पाणी ओतलं नाही.

"क्लिओ," तो म्हणाला, "हे वाढलंय."

"गप. पाणी ओत."

"दोन वर्षं गप्पच होतो. आता नाही राहवत. हे पत्र्याचं नाही."

"एझेल मोटन, तू तसराळ्यावर बोलतोयस!"

"बोलतोय."

हे बोलणं इतकं मोठ्यानं झालं की गाण्याची ओळ अर्ध्यावर तुटली. पलीकडं बायकांच्या बाजूला व्हर्नेलचे पाय पाण्यात होते. तिनं मान वळवली. एल्डर लॉव्हेट पुढं येऊन म्हणाले, "ब्रदर मोटन, आधी विधी पुरा करा, मग..."

"विधी पुरा झाला की हा बूट घालणार, एल्डर. बूट घातला की विषय संपला. मी याला ओळखतो."

क्लिओफसच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सगळ्या चर्चसमोर, सगळ्यांच्या स्वच्छ पायांसमोर, त्याची टाच उजेडात धरली होती. त्यानं पाय खेचून घेतला, ओल्या पायावर मोजा चढवला, बूट घातला आणि चालता झाला. एझेलचे पाय धुवायचे तसेच राहिले. जोडीदाराला असं कोरडं सोडून कुणी उठून गेल्याचं त्या चर्चमध्ये कुणाच्या आठवणीत नव्हतं. बिचारा एझेल बाकावर पॅन्टचे पाय दुमडून बसून राहिला. त्याच्यापुढं यायला दुसरं कोण तयार होणार?

घरी क्लिओफस व्हरांड्यात झुलत्या खुर्चीवर फणफणत बसला. व्हर्नेल आली ती टोपीसुद्धा न काढता समोर उभी राहिली.

"मोजा काढ."

"व्हर्नेल, जेवायला काय आहे?"

"मिस्टर गॅडिस, मोजा काढा."

ती 'मिस्टर गॅडिस' म्हणाली की काय होतं, हे क्लिओफसला संसारभर पुरेल इतकं माहीत होतं. पण त्यालाही कारण होतं. त्याचे पाय बारा महिने गार, म्हणून तो झोपतानाही मोजे घालायचा. ज्या पायांशी व्हर्नेलनं लग्न केलं होतं, त्यांचे तळवे तिनं कित्येक वर्षांत पाहिलेच नव्हते.

त्यानं मोजा काढला. ती खाली वाकली. शाळेच्या स्वयंपाकघरात शंभर पोरांना एका आवाजात गप्प करणारी व्हर्नेल, तिच्या तोंडून शब्द निघेना. हे पाहून क्लिओफस पहिल्यांदा घाबरला.

"एझेलला वाटतंय कॅन्सर," तो स्वतःच म्हणाला. "त्याला सगळीकडं गिऱ्हाइकंच दिसतात. कातडीचा कॅन्सर गोऱ्यांचा असतो गं. समुद्रावर पालथं पडून भाजून घेतात, त्यांचा. आपलं काय? देवानं भाजूनच पाठवलंय. आणि टाचेला कुठलं आलंय ऊन? माझ्या टाचेला ऊन दिसलंय का कधी?"

"तुझ्या टाचेला मीसुद्धा दिसले नाहीये," व्हर्नेल म्हणाली. "उद्या फोन करते. बर्मिंगहॅमला जायचं."

"मी नाही येणार."

"मग मी टाच घेऊन जाते. तू मागून ये."

बर्मिंगहॅमच्या मोठ्या हॉस्पिटलात कातडीच्या विभागाबाहेर भिंतीवर एक चित्र होतं. पिवळ्या केसांची बाई, तिच्या गोऱ्या खांद्यावर तीळ. खाली मोठ्या अक्षरांत तीळ तपासा म्हणून सूचना. क्लिओफसनं विजयी मुद्रेनं चित्राकडं बोट दाखवलं.

"बघ. सांगत होतो की नाही?"

आत डॉक्टर बसल्या होत्या त्या मात्र आपल्यापैकीच. डॉक्टर फिनी, अलाबामातल्याच मोबाइल नावाच्या शहरातल्या. टाच हातात घेतल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"ते बाहेरचं चित्र बदला म्हणून मी दोन वर्षं मागं लागलेय," त्या म्हणाल्या. "मिस्टर गॅडिस, आपल्यात हा रोग कमी होतो, पण होतो. आणि होतो तो अशाच जागी. तळव्यावर, तळहातावर, नखाखाली. जिथं ऊन पोचत नाही आणि आपली नजरही पोचत नाही. उन्हाशी याचा संबंध नाही, तुमच्या बसच्या पत्र्याशीही नाही. बहुतेक लोक माझ्याकडं येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. कुणी म्हणतं चामखीळ, कुणी म्हणतं बूट चावला. तुमचा डाग कुणी पाहिला?"

"माझ्या... एका ओळखीच्यानं," क्लिओफस म्हणाला.

तुकडा काढून तपासला, आणि आठवड्यानं फोन आला. मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सरच. टाचेचा मोठा भाग काढायला लागेल, मांडीची कातडी तिथं लावायला लागेल, जांघेतल्या गाठी काढून बघायला लागतील. रोग गाठींत पोचला असेल तर मग फारसं काही हातात नाही.

क्लिओफसनं फोन ठेवला आणि कपाटातले बूट बाहेर काढले. सगळे. व्हरांड्यात ओळीनं मांडले आणि त्यांच्यासमोर बसून राहिला. व्हर्नेलनं मक्याचा पाव आणून दिला, त्यानं खाल्ला नाही.

"टाच गेल्यावर यांतलं काय पायात घालू?" तो म्हणाला. "व्हर्नेल, मी विचार करतोय. आहे तसा राहतो. माणसानं जावं तर अख्खं जावं."

"जा ना," व्हर्नेल म्हणाली. "अख्खा जा. झकपक बूट घालून जा. एझेल पेटीच्या झाकणाचा अर्धाच भाग उघडा ठेवतो, कमरेच्या वरचा. बूट कुणाला दिसणार आहेत, मला सांग."

मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती आत निघून गेली. आत ताटं आपटल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ कसलाच नाही. क्लिओफसनं एक एक बूट उचलून परत कपाटात ठेवला.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांचा पिकअप सुरूच होईना. क्लिओफस शिव्या देत, व्हर्नेल प्रार्थना करत, दोघंही वेगवेगळ्या मार्गांनी प्रयत्न करत होते, तेवढ्यात फाटकाशी एक गाडी येऊन थांबली. मोटन मंडळींची लांब काळी गाडी. शववाहिकेमागून घरच्या माणसांना नेतात ती. एझेल काळ्या सुटात उतरला. त्याच्याकडं दुसऱ्या रंगाचा सूट नव्हताच.

"मी त्या गाडीत बसणार नाही," क्लिओफस म्हणाला.

"मागची सीट रुंद आहे," एझेल म्हणाला. "पाय वर ठेवता येतो."

व्हर्नेल आधीच आत बसली होती.

महिनाभर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. पण हमरस्त्याला लागल्यावर एक गंमत सुरू झाली. मोटन मंडळींची काळी गाडी सावकाश येताना दिसली की त्या भागातला माणूस, काळा असो की गोरा, गाडी कडेला घेऊन थांबतो. जुनी रीत आहे. समोरून येणारे ट्रक थांबू लागले, ट्रॅक्टर थांबू लागले. एक म्हातारा रस्त्याच्या कडेला टोपी छातीशी धरून मान खाली घालून उभा राहिला. क्लिओफस आधी सीटवर खाली घसरला. मग त्याला राहवेना. त्यानं काच खाली केली आणि हात बाहेर काढून म्हाताऱ्याला हलवून दाखवला.

"अजून नाही, काका!" तो ओरडला. "हवा खायला चाललोय!"

म्हाताऱ्याची टोपी खाली पडली. एझेलचे खांदे पुढच्या सीटवर हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे मागून कळेना. त्यानंच गाडी कडेला घेतली.

"एझेल, काय झालं?"

"पहिल्या वर्षीच बोलायला हवं होतं," एझेल पुढंच बघत म्हणाला. "मसुराएवढा होता तेव्हा."

"तसराळ्याचा नियम. तू काय करणार?"

"नियम नाही रे. नियम मोडता येतो, मोडलाच की मी. मला भीती वाटली. मी कुणाला 'तब्येत कशी' विचारलं तरी लोक वळून चालू लागतात. तुझ्या पायाला बोट लावून 'हे बरं दिसत नाही' म्हटलं असतं, तर तू म्हणाला असतास, मोटन गिऱ्हाईक शोधतोय. आणि गावात माझ्यासोबत मासे धरायला बसणारा एकच माणूस आहे."

व्हर्नेल खिडकीबाहेर कापसाची शेतं बघू लागली, म्हणजे या दोघांना बोलता यावं.

"म्हणालोच असतो," क्लिओफस शेवटी म्हणाला. "अगदी तेच म्हणालो असतो. आणि वर म्हणालो असतो, पेटी ओकच्या लाकडाची दे, पाइनची नको." मग जरा वेळानं म्हणाला, "तुझे पाय राहिलेत माझ्याकडं."

"सप्टेंबरात बघू."

"सप्टेंबर बघायला मिळाला तर."

"मिळेल," एझेल म्हणाला. "मी गिऱ्हाईक ओळखतो. तू त्यातला दिसत नाहीस."

आयुष्यभरात एझेलनं कुणाला दिलेली ती एकुलती एक वैद्यकीय ग्वाही.

गाठींचा निकाल यायला काही दिवस लागले. क्लिओफस पलंगावर पाय टांगून पडला होता. व्हर्नेल शेजारी बसून हॉस्पिटलच्या जेवणाला नावं ठेवत होती. एझेल बाहेरच्या बाकावर बसायचा, कारण काळ्या सुटात वॉर्डात फेऱ्या मारू लागला की बाकीचे पेशंट नर्सला हाका मारत. डॉक्टर फिनी आल्या त्या दाराशी थबकल्या, आणि व्हर्नेलनं त्यांच्या चेहऱ्याकडं न बघता क्लिओफसचा हात पकडला.

"एकाही गाठीत काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मी वचन देत नाही. हा रोग लबाड असतो, परत येऊ शकतो. दर तीन महिन्यांनी यायचं. आणि या माणसाचे दोन्ही तळवे, हात, नखं रोज कुणीतरी बघायची."

"मी बघेन," व्हर्नेल म्हणाली. "झोपताना मोजे बंद."

"पाय गार पडतील गं."

"पडू देत. माझ्या पोटऱ्यांना लाव."

क्लिओफसनं डोळे मिटून घेतले. मग बाहेरच्या बाकापर्यंत पोचावं म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडला की सगळा वॉर्ड जागा झाला, "मोटन! गिऱ्हाईक गेलं हातचं!"

पुढच्या सप्टेंबरात चर्चमध्ये एल्डर लॉव्हेट म्हणाले, यापुढं तसराळ्यात जे दिसेल ते बोलायचं. मोठ्यानं नाही, समोरच्याच्या कानात, पण बोलायचं. बायकांच्या बाजूला हे फारच लवकर अंगवळणी पडलं, कानातली गोष्ट कानात राहिली नाही, आणि सिस्टर ओडेसाची सहा बोटं त्याच दुपारी जाहीर झाली. पण दोन वर्षांनी एका सिस्टरच्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ दिसली, ती बर्मिंगहॅमला वेळेत पोचली. क्लिओफस तर मासे तळण्याच्या जत्रेतसुद्धा जुन्या प्रवाशांना गाठायचा. "पाय वर! डावा! आता उजवा!" बसमध्ये दिलेल्या हुकुमाच्याच सुरात. पोटं सुटलेली, केस पांढरे झालेली माणसं मुकाट्यानं बूट काढायची. त्यांना आठवत होतं, या माणसाशी वाद घालायचा नसतो.

बस त्यानं सोडली. बारा-तेरा वर्षं तो आणखी जगला. शेवटी रोग परत आलाच, छातीत आला, आणि एका वसंतात त्याला घेऊन गेला. डॉक्टर फिनी म्हणाल्या होत्या तसंच झालं, फक्त त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खूप उशिरा.

पण त्या बारा-तेरा वर्षांत तो चालायचा, ते चालणं बघण्यासारखं होतं. टाच नव्हती म्हणून उजवा पाय चवड्यावर टेकायचा, मग अंग डावीकडं झुकायचं, खांदा मागं जायचा, आणि पुढचं पाऊल पडण्याआधी एक छोटीशी उसंत. दोन रंगांचे बूट चांभाराकडून आतून भरून घेतलेले. किराणा दुकानापासून चर्चपर्यंतचा रस्ता तो असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, याला कुठं पोचायची घाई नाही आणि पोचल्यावर लोक उठून उभे राहणार आहेत. नव्वदच्या दशकात हॅचर्स मिलची पंधरा-सोळा वर्षांची पोरं तसंच चालायला लागली. एक चवडा, झुकणं, खांदा, उसंत. कोपऱ्यावर घोळक्यानं उभी राहून सराव करायची. मॉन्टगोमरीतून आलेल्या पाहुण्या पोरांनी ते उचललं आणि तिकडं नेलं. आता ते कुठवर पोचलंय कोण जाणे. व्हर्नेल व्हरांड्यात बसून वाटाणे सोलताना रस्त्यावरून तसं चालत जाणारी पोरं बघायची, आणि ते चालणं कुठून आलं, हे त्यांना सांगायची नाही.